प्रक्रियकाचे सुरक्षित तापमान

संगणकाचा प्रक्रियक म्हणजे प्रोसेसर काम करीत असताना त्याला पुरविलेल्या जवळजवळ सर्व विद्युत् ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. ही उष्णता वाहून नेण्यासाठी त्यावर धातूच्या पात्यांचा शीतक व पंखा बसवितात. घरगुती संगणकांच्या बहुतेक आधुनिक प्रक्रियकांची कमाल तापमान-मर्यादा सु. ९० ते १०५° से. असते, नेमकी मर्यादा उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिलेली असते.

मापन : तापमानाचे संवेदक प्रक्रियकाच्या सिलिकॉन चकतीतच घडविलेले असतात. डायोडातून ठराविक प्रवाह जात असता त्याच्या दोन अग्रांमधील विद्युत् दाब दर अंशास सु. २ मिलिव्होल्टने घटतो, या गुणधर्माचा त्यासाठी उपयोग करतात. मर्यादा गाठताच प्रक्रियक आपला वेग आपोआप कमी करतो. तरीही तापमान वाढत राहिल्यास संगणक बंद पडतो. त्यामुळे प्रक्रियक सहसा जळत नाही. मात्र काम मंदावते.

सभोवतालचा परिणाम : शीतक प्रक्रियकाचे तापमान खोलीतील हवेच्या तापमानाखाली आणू शकत नाही, दोहोंतील फरक तेवढा मर्यादित ठेवतो. उदा., शीतकाचा एकूण ऊष्मीय रोध दर वॉटला ०.५° से. व प्रक्रियकाची उष्णता १२० वॉट असल्यास हा फरक ६०° से. होतो. घनसावंगी (जि. जालना) परिसरात मे महिन्यात छायेतील तापमान ४०° से.च्या पुढे जाते. हिवाळ्यात २०° से. तापमानाच्या खोलीत ८०° से. दाखविणारा संगणक अशा वेळी १००° से.वर पोहोचतो. म्हणून खोलीचे तापमान न नोंदता केलेली तपासणी अपुरी ठरते.

तपासणी : नव्याने जोडलेला संगणक प्रथम काही मिनिटे विनाकाम व नंतर सु. अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून दोन्ही वेळची तापमाने नोंदवितात. पूर्ण भाराच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करून आलेला फरक उन्हाळ्यातील अपेक्षित तापमानात मिळवावा. ही बेरीज मर्यादेपेक्षा १० ते १५ अंशांनी कमी असणे इष्ट होय. भार पडताच काही सेकंदांत तापमान मर्यादेला भिडल्यास शीतकाचा संपर्क सदोष समजावा. तळाचे प्लॅस्टिकचे आवरण न काढणे, उष्णतावाहक लेप न लावणे किंवा स्क्रू असमान आवळणे ही त्याची नेहमीची कारणे होत. तापमान सावकाश चढत गेल्यास पेटीतील हवेचा प्रवाह अपुरा असतो. पंख्यांची दिशा तपासावी.

दक्षता : पात्यांवर धूळ साचल्याने ऊष्मीय रोध वाढतो, म्हणून उन्हाळ्यापूर्वी सफाई करून पुन्हा तपासणी करावी. पाण्याच्या कूलरने खोलीची हवा थंड होते; परंतु त्याचा दमट झोत थेट संगणकावर येऊ देऊ नये.