खानावळ मोडली त्यानंतर

मुंबईच्या गिरणगावात एके काळी एकट्या माणसाच्या पोटाची सोय पक्की होती. कोकणातून नाहीतर घाटावरून आलेला कामगार दाटीच्या खोलीत पथारी टाकायचा आणि महिन्याच्या बोलीवर खानावळवालीकडे जेवायचा. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खानावळीत उधारी चाले. शिवाय कोण दोन दिवस फिरकला नाही, हे तिथे आपसूक कळे.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर खानावळींचे गिऱ्हाईकही गेले. तेव्हा तिशीत असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे.

त्याच्या खाण्यापिण्याकडे मात्र लक्ष गेले नाही; लक्ष होते ते मुलांकडे. 1975 च्याच 2 ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडीत मुलांची वजने होऊ लागली. ते योग्यच होते. पण कुपोषण म्हटले की मूलच डोळ्यांपुढे यावे, अशी सवयही तेव्हापासून जडली. म्हातारे माणूस वाळले तर ‘वय झालं आता’ एवढ्यावर विषय संपे.

वैद्यकाचीही नजर उशिराच वळली. वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या झिजेला सार्कोपेनिया हे नाव मिळाले ते 1989 च्या सुमारास. नव्वदीच्या दशकात फ्रान्समधल्या तुलूझ इथल्या संशोधकांच्या पुढाकाराने वृद्धांसाठी 30 गुणांची एक चाचणी तयार झाली. भूक मंदावली का, तीन महिन्यांत वजन घटले का, संस्थेत न राहता स्वतंत्र राहता का, दिवसातून किती औषधे घेता, असे साधे प्रश्न. आणि पोटरीचा घेर. 17 पेक्षा कमी गुण म्हणजे कुपोषण, 17 ते 23.5 म्हणजे धोका. टेपवर पोटरी 31 सेंटिमीटरच्या आत आली की गुण कापला जातो. यंत्र नको, रक्ततपासणी नको. तरीही आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत साखर आणि रक्तदाब तपासला जातो. पोटरीपर्यंत टेप क्वचितच पोचते.

सरकारी योजना आल्या, पण त्यांनी गरिबी पाहिली, म्हातारपण नाही. 1995 मध्ये राज्यात एक रुपयात झुणका-भाकर निघाली. कवळी न बसलेल्या तोंडाने ती चावायची कशी, हा प्रश्न त्या धामधुमीत कोण विचारणार? त्याच वर्षी केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन आले, महिना 75 रुपये. ते न मिळणाऱ्यांसाठी 2000 मध्ये अन्नपूर्णा योजनेतून दहा किलो धान्य फुकट. पण धान्य दळून आणायचे असते, मग रांधायचे असते, आणि एकट्यासाठी चूल पेटवायला मन घेत नाही. मग चहा-खारीवर रात्र निघते. पोट भरल्यासारखे वाटते, मांडी बारीक होत जाते. वाढलेल्या पोटामुळे हे सुखवस्तू फ्लॅटमध्येही दिसून येत नाही; त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल तर बी-12 घटण्याचा धोका वेगळाच.

आकडे हाती आले ते 2021 च्या जानेवारीत. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये 72 हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली होती. साठीपुढच्यांत सुमारे 27 टक्के वजनाने कमी निघाले आणि सुमारे 22 टक्के जास्त. शहरात पारडे जास्त वजनाकडे झुकते, त्यामुळे तिथला वाळलेला म्हातारा सरासरीत हरवतो.

दरम्यान 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन थाळी आली. दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. टाळेबंदीत ती पाच रुपयांवर आली. खानावळीनंतर पुन्हा आयते शिजलेले अन्न एकट्या म्हाताऱ्याच्या आवाक्यात आले. मात्र साठ किलो वजनाच्या माणसाला भारतीय शिफारशीप्रमाणे दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिने लागतात, आणि वार्धक्यात ती आणखी हवीत, असे अनेक तज्ज्ञ मानतात. तीस-तीस ग्रॅमच्या दोन पोळ्या, शंभर ग्रॅम वरण आणि दीडशे ग्रॅम भात यांतून ढोबळ हिशेबाने पंधरा ग्रॅमच्या आसपास निघतात. उरलेली दूध, अंडी, डाळीतून भरायची. 2023 मध्ये राज्याने निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेची महिन्याची रक्कम हजारावरून दीड हजार केली, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. औषधे त्यातच.