श्रावणबाळ योजना आणि शाळेचं जनरल रजिस्टर

श्रावणबाळाची गोष्ट आपण वर्गात सांगतो. त्याच्याच नावाने राज्य शासनाची निवृत्तिवेतन योजना आहे. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत, अशा निराधार आजी-आजोबांना जुलै 2023 पासून महिना 1500 रुपये मंजूर आहेत. आधी 1000 होते. (21,000 म्हणजे महिन्याला 1750! एवढ्यात घर कुणाचं चालतं? पण नियम आहे.)

नेवाशात अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी योजना शाखेकडे जातो. घोडं अडतं ते वयाच्या पुराव्यापाशी. जुन्या माणसांची जन्मनोंद बहुतेक वेळा नसतेच. तिथे शाळा सोडल्याचा दाखला चालतो. आजोबांनी दुसरीतच शाळा सोडली असली, तरी जनरल रजिस्टरला नाव आणि जन्मतारीख सापडू शकते. म्हणून ती जीर्ण रजिस्टरं बांधून घ्या, आणि कुणी दाखला मागायला आलं तर "उद्या या" म्हणू नका. आजी शाळेतच गेली नसेल, तर मतदार यादीतलं वय किंवा सरकारी रुग्णालयाचा वयाचा दाखला चालतो.

पालकांनो, मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो राहिला की पैसे थांबतात, आणि आजी बँकेत उगाच हेलपाटे घालत बसते.