मनोरुग्णसेवा : परिचारिकेची वाढती जबाबदारी

संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांना पूज्य असलेले नरसी नामदेव हे हिंगोली जिल्ह्यातील गाव. अशा गावातील एखाद्या व्यक्तीस तीव्र मनोविकार जडला, तर कुटुंबाने जावे कोठे? राज्यात दीर्घकाळ सेवा देत आलेली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे, म्हणजे मराठवाड्याबाहेर आहेत. रुग्णास तेथवर नेणे खर्चाचे. परतल्यावर औषध नियमित चालू ठेवणे त्याहून कठीण. औषध मध्येच सुटले की आजार पुष्कळदा उलटतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढ मनोविकाराने ग्रस्त होते आणि विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून होते. दर लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही देशात नाही. ही उणीव केवळ तज्ज्ञांची संख्या वाढवून लवकर भरून निघणारी नाही.

परिचारिकेचे कार्य

१९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञाबरोबर परिचारिकेलाही स्थान आहे. रुग्णाची झोप, आहार व वागणूक यांतील बदल टिपणे, हात थरथरणे, अंग ताठरणे यांसारखे औषधांचे दुष्परिणाम वेळीच ओळखणे आणि घरच्यांना धीर देणे हे तिचे काम होय. त्यासाठी परिचारिकांना एक वर्षाची विशेष पदविका घेता येते. अशा प्रशिक्षित परिचारिका तालुक्यापर्यंत पोहोचल्या, तर उपचारांत खंड पडणार नाही.

गावपातळीवर आशा कार्यकर्तीची जोड मोलाची ठरते. शेतकऱ्यांसाठी २०१५ मध्ये हाती घेतलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाच्या १४ जिल्ह्यांत हिंगोलीचा समावेश होता. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ उपक्रमाने स्थानिक कार्यकर्ते प्रशिक्षित केले. परिणामी, नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

गावाचे कर्तव्य

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय मानसोपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. परंतु हक्क पदरात पडण्यासाठी गावाची साथ हवी. शिक्षकांनी एकलकोंड्या होत चाललेल्या मुलाची वेळीच विचारपूस करावी. पंचायत सदस्यांनी आरोग्य केंद्रात मनोविकारांवरील औषधे मिळतात काय, याची ग्रामसभेत चौकशी करावी. तातडीच्या सल्ल्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर लिहावा. रुग्णास ‘वेडा’ म्हणून दूर सारण्याऐवजी त्याला परिचारिकेपर्यंत पोहोचविणे, हीच त्याच्या उपचारांची पहिली पायरी होय.