बाभळीच्या खोडावरचा खूर

बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथ्याचा घाट लागतो, ज्ञानगंगा अभयारण्यातून उतरणारा. त्याच्या अलीकडे, एका शेताच्या धुऱ्यावर म्हातारी बाभूळ आहे. तिच्या खोडाला छातीच्या उंचीवर घोड्याचा खूर चिकटवावा तसं काहीतरी आलंय. वरून काळं, भेगाळलेलं. कडेला तेवढी तांबूस मखमल. नख रुतत नाही. "गाठ हाय झाडाची," शेतमालक म्हणाले.

गाठ नव्हे, बुरशी. कुत्र्याची छत्री चार दिवसांत सडून जाते, हिचा मुक्काम मात्र वर्षानुवर्षं. वाढ पुन्हा सुरू झाली की खालून नळ्यांचा नवा थर चढतो. खरी बुरशी असते खोडाच्या आत. फांदी तोडल्याच्या जखमेतून शिरून ती गाभ्याचं लाकूड खात बसते. बाहेर दिसते ती फळी फक्त बीजाणू उधळण्यापुरती.

अशी फळी वरून बघून नाव सांगणारा हमखास फसतो. ऊन आणि वय यांनी वरचा रंग पार बदलतो. मी मोबाइल खाली सरकवून फोटो काढला. टाचणीच्या टोकाएवढी भोकंच भोकं! म्हणजे पॉलिपोर. आतला गर गंजाच्या रंगाचा. त्याच्या कपच्यावर कॉस्टिक पोटॅशच्या पाण्याचा थेंब टाकला, तर डाग क्षणात काळा पडला. फेलिनसच्या कुळाची ही खूण. कूळ कळलं, जात नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा, शिवाय झाड कोणतं हेही लिहून ठेवायला हवं. पूर्वी फेलिनसमध्ये मोडणाऱ्या कित्येक जाती आता फुल्विफोमेसमध्ये गेल्यात, त्यामुळे जुन्या पुस्तकांवर फार विसंबू नये. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. असल्या पेचांचा निकाल अशाच ठिकाणी लागतो.

लाकडावरच्या आणखी दोघी मात्र ओळखायला सोप्या. झाडाच्या बुंध्याशी लाखेचं पॉलिश केल्यासारखी चकाकणारी दिसली, तर बहुधा गॅनोडर्मा. तिच्या पांढऱ्या पोटावर काडीने ओरखडा काढा, तपकिरी रेघ उमटते. आजूबाजूच्या पानांवर कोकोसारखी पूड सांडलेली असते, ते बीजाणू. दुसरी शिझोफायलम, तोडलेल्या फांद्यांवरचे नखाएवढे लवदार पांढरे पंखे. हिच्या पोटाला भोकं नाहीत, मधोमध चिरलेल्या पट्ट्या आहेत. उन्हाळ्यात ती मुडपून पडते नि पहिल्या सरीला पुन्हा उलगडते. मणिपुरात ही खातात.

कोकणात फणसाच्या खोडावरचा फणसोंबा उगाळून तोंडाच्या तक्रारींवर देतात. तोही फेलिनसच्याच गोतावळ्यातला. पण म्हणून बाभळीवरची बुरशी सहाणेवर घेऊ नका. झाड वेगळं, जातही वेगळी असू शकते. आणि अभयारण्यातून तर काहीच उचलायचं नाही, फोटोवर भागवायचं.

फोटोतूनही पुष्कळ कळतं. घाटात एक सालई आडवी पडलेली दिसली. तिच्यावरच्या जुन्या फळ्या कपाटातल्या पुस्तकांसारख्या उभ्या झाल्या होत्या. भोकं नेहमी जमिनीकडे लागतात, नाहीतर बीजाणू गळणार कसे? म्हणून त्याच खोडावर नव्या, लहान फळ्या जमिनीला समांतर फुटल्या होत्या. झाड पडल्यानंतर आलेल्या.