सहन करणे वेगळे, समान मानणे वेगळे

गेल्या वर्षावासातील एका रविवारी सामुदायिक वंदना आटोपल्यावर आमच्या वस्तीतील विहारात नेहमीप्रमाणे चहा सुरू होता. वस्तीतील एक वयोवृद्ध आक्का इंग्लंडमध्ये नोकरीस असलेल्या मुलाकडे चार महिने राहून नुकत्याच परतल्या होत्या. साहजिकच सर्वांनी त्यांना घेरले. विलायत कशी, माणसे कशी, थंडी किती, असे प्रश्न सुरू झाले. आक्का म्हणाल्या, "तिथं कोण कुणाला जात-धर्म इचारत न्हाई बघा. शेजारची गोरी म्हातारी रोज हात हलवून हसायची. पर पोराच्या हापिसातला आपल्या हिकडचाच एकजण जेवाय आला, आन् दुसऱ्याच घासाला म्हनाला, काकू, तुमचं मूळ गाव कंचं? गावात घर कुठल्या अंगाला?"

सगळे हसले. पण त्या हसण्यात दुःख होते. गावात घर कुठल्या अंगाला, या प्रश्नाचा अर्थ आपल्या समाजातील शेंबड्या पोरालाही कळतो. इतक्यात एक तरुण म्हणाला, "म्हणजे गोरे लोक सहिष्णू आणि आपले लोक असहिष्णू, असंच ना?" आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. पण घरी आल्यावर विचार करू लागलो. प्रश्न इतका सरळ आहे का? पाश्चात्त्य लोकशाहीत धर्माच्या बाबतीत जी मोकळीक दिसते, ती त्या लोकांच्या रक्तातच आहे, की ती कशी तरी कमवावी लागली?

इंग्लंडचा जमाखर्च

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कोणतीही गोष्ट जमाखर्च मांडल्याशिवाय आमच्या गळी उतरत नाही. म्हणून इंग्लंडचे खाते उघडून पाहू.

इंग्लंडमध्ये १६८९ साली सहिष्णुतेचा कायदा झाला. राजाच्या चर्चहून वेगळ्या पंथाच्या प्रॉटेस्टंट लोकांना आपापली प्रार्थना करण्याची मुभा मिळाली. कॅथलिकांना मात्र ती मिळाली नाही. ज्यांना मिळाली, त्यांनाही सरकारी अधिकारपदाचा हक्क नव्हता. म्हणजे, 'तुमची प्रार्थना करा, आम्ही सहन करू, पण बरोबरीने खुर्चीवर बसू नका!' ती अट रद्द होण्यास १८२८ साल उजाडले. सहन करणे आणि समान मानणे यांत तेथे १३९ वर्षांचे अंतर पडले.

पुढचे हप्तेही असेच रखडत आले. कॅथलिकांना पार्लमेंटचे दार १८२९ साली उघडले. ज्यू धर्मीय लायोनेल रॉथ्सचाइल्ड वारंवार निवडून येऊनही त्यांना आपल्या धर्माप्रमाणे शपथ घेऊन बसता आले ते १८५८ साली. चार्ल्स ब्रॅडलॉ हे नास्तिक गृहस्थ १८८० साली निवडून आले. त्यांनी देवाच्या शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या, अशी मागणी केली, तर त्यांना कोंडून ठेवण्यापर्यंत मजल गेली. लोक त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले, तेव्हा कुठे १८८६ साली ते सभागृहात बसले आणि १८८८ साली प्रतिज्ञेचा कायदा झाला. हेच ब्रॅडलॉ १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास आले होते. आणि १८९२ साली आपले दादाभाई नौरोजी लंडनमधून निवडून आले, ते आपल्या पारशी धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेते झाले.

एका धर्माच्या, पंथाच्या किंवा निधर्मी माणसाने लढून मिळवलेली वाट पुढच्याला उपयोगी पडली, हे यातून ध्यानात येते.

अर्थात इंग्लंडमध्ये आजही सरकारमान्य चर्च आहे आणि त्याचे २६ बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात. म्हणजे तेथील राज्य कागदोपत्री निधर्मी नाही. तरीही २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे प्रथमच निम्म्याहून कमी, ४६ टक्के भरले. ३७ टक्के लोकांनी धर्म नाही असे लिहिले. बौद्धांची संख्या पावणेतीन लाखांच्या घरात आली. आणि जनगणनेत धर्माच्या प्रश्नाचे उत्तर देणे तेथे ऐच्छिक आहे, हे विशेष!

किंग हेन्रीज रोडवरील घर

लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड हे घर आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. परमपूज्य बाबासाहेब १९२१-२२ साली तेथे राहून अभ्यास करीत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतले आणि तेथे स्मारक झाले. पण निवासी घराचे संग्रहालय करायचे, तर तेथील नगरपालिकेची परवानगी लागते. ती आधी घेतलेली नव्हती. काही शेजाऱ्यांनी गर्दीची व आवाजाची तक्रार केली. कॅम्डेन नगरपालिकेने २०१८ साली परवानगी नाकारली.

बातमी वाचून आमचे रक्त तापले. बाबासाहेबांचा अपमान झाला, असेच प्रथम वाटले. पण पुढे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. अपील झाले. २०१९ साली जाहीर चौकशी झाली. शेजाऱ्यांनी आपले म्हणणे मांडले, स्मारकाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आपले मांडले. अखेर मार्च २०२० मध्ये त्या खात्याचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली आणि स्मारक राहिले.

ना शेजाऱ्यांच्या घरावर दगड पडला, ना स्मारकावर. शेजाऱ्याला तक्रारीचा हक्क होता, आपल्याला दाद मागण्याचा हक्क होता. कोण कोणत्या धर्माचा, कोण मूळचा आणि कोण उपरा, यावर निकाल लागला नाही. नागरिकत्व म्हणतात ते हेच. ज्यांनी आयुष्यभर संविधानाचा मार्ग सांगितला, त्यांचे स्मारक त्याच मार्गाने टिकावे, यापेक्षा उचित काय?

जात जहाजातून उतरली

आता आक्कांच्या पाहुण्याकडे येऊ. धर्मस्वातंत्र्य मिळाले की माणूस मोकळा झाला, असे नाही. धर्माला सरकारपासून संरक्षण हवे, तसेच माणसाला स्वतःच्याच समाजापासूनही संरक्षण हवे.

बिहारमधून एका भारतीय कुटुंबाने आदिवासी ख्रिश्चन महिलेला घरकामासाठी इंग्लंडला नेले. आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला अठरा तास काम आणि झोपायला जमिनीवर गादी! बायबलसुद्धा बरोबर आणू दिले नाही. प्रकरण न्यायाधिकरणात गेले. जातीचा भेद हा काही बाबतींत वंशभेदाच्या कायद्यात बसू शकतो, असे अपील न्यायाधिकरणाने २०१४ साली मानले. २०१५ साली तिला किमान वेतनाच्या थकबाकीपोटी १ लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश झाला.

ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश 'करता येईल' असे कलम होते. २०१३ साली पार्लमेंटने ते बदलून 'केलाच पाहिजे' असे केले. पण काही हिंदू संघटनांनी विरोध केला. अशा कायद्याने जात नसलेल्या ठिकाणीही जात येईल, असे त्यांचे म्हणणे. अखेर जुलै २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की वेगळी तरतूद करणार नाही, न्यायालयाच्या निकालांवर अवलंबून राहू. अमेरिकेतही तीच ओढाताण. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, तर कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक तेथील गव्हर्नरांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये परत पाठवले.

शेजारच्या गोऱ्या म्हातारीला आक्कांची जात ठाऊक नाही, म्हणून ती हसते. पण जिथे आपले लोक एकत्र येतात, तिथे जात पुन्हा पंक्तीला बसते. नुसती सहिष्णुता अशा वेळी म्हणते, तो त्यांच्या समाजाचा अंतर्गत प्रश्न आहे! आपल्या बाबासाहेबांनी मात्र हे आधीच ओळखले होते. म्हणूनच संविधानाच्या कलम २५ ने धर्मस्वातंत्र्य दिले, पण ते इतर मूलभूत हक्कांच्या अधीन ठेवले, आणि कलम १७ ने अस्पृश्यता गाडली.

तरीही आपल्याकडेही सारे आलबेल नव्हते. १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीला केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती नाकारल्या गेल्या. त्या १९९० साली मिळाल्या. चौतीस वर्षे! धर्म मनाचा, पण दंड पोटाला! दलित ख्रिश्चन व मुस्लिम बांधवांचा तो प्रश्न अजूनही सुटलेला नाही.

शाहूंच्या नगरीत

खरे तर हा धडा गिरवायला कोल्हापूरकरांना विलायतेला जाण्याची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंगला आधार दिला. जैन, लिंगायत, अस्पृश्य, सर्वांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात बसून महाराजांनी चहा घेतला. १९२० च्या मार्चमध्ये माणगाव परिषदेत ते बाबासाहेबांच्या शेजारी उभे राहिले. महाराजांनी आपल्या लोकांना नुसते सहन केले नाही, बरोबरीने बसवले. त्याच वारशातून ९ डिसेंबर १९५० रोजी बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे उभे राहिले, तेही बाबासाहेबांच्या हयातीत.

त्याच नगरीत ७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरील काही मजकुरावरून बंद पुकारला गेला आणि दगडफेक झाली. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात मुस्लिमांची घरे व मशीद फोडली गेली. गडावरील अतिक्रमणाशी त्या घरांचा काही संबंध नव्हता.

येथे आम्हाला आमचा कमीपणा सांगितला पाहिजे. आमच्या ओळखीचे एक मुस्लिम शिंपी आहेत. १४ एप्रिलचे निळे झेंडे आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे आमचे पांढरे कपडे वर्षानुवर्षे तेच शिवतात. सात जूनला त्यांचे शटर खाली होते. आम्ही दाराला कडी लावून बातम्या पाहत बसलो. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा मागवला आणि हळूच म्हणाले, "आलासा, बरं वाटलं भाऊ. पर त्या दिवशी नुसता फोन केला असता, तर रातीला झोप लागली असती."

या वाक्याने आमची मान खाली गेली. आपल्या वस्त्या जळाल्या तेव्हा गाव गप्प बसले, म्हणून आपण आजवर बोट दाखवत आलो. आम्हीही त्या दिवशी गावच झालो होतो!

आपल्या घरातला प्रश्न

धम्मबंधू-भगिनींनो, आणखी एक गोष्ट आपल्या कौटुंबिक पानांसाठीच आहे. वधू-वरांची स्थळे पाहताना 'बौद्ध' एवढे पुरेसे का होत नाही? पाहुणे उठताना कुणीतरी कानाशी लागून विचारतेच, "पण मूळचे कोण?" आक्कांच्या पाहुण्याने विचारलेला प्रश्न आणि हा प्रश्न यांत काय फरक आहे? बावीस प्रतिज्ञा घेताना सर्व माणसे समान आहेत असे आपण म्हटले. लग्नाच्या बोलणीला बसताना ती प्रतिज्ञा घराबाहेर चपलांजवळ ठेवायची का?

म्हणून आमची विनंती एवढीच. येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने एक रविवार संविधानातील धर्मस्वातंत्र्याच्या कलमांसाठी द्यावा आणि त्या दिवशी शेजारच्या अन्य धर्मीयांना आवर्जून बोलवावे. मुलांच्या मोबाइलवर कोणत्याही धर्माची टवाळी आली, तर ती पुढे न पाठवण्याची शिस्त घरातूनच लावावी. गावात तणाव झाला, तर वस्तीतील दोघांनी तरी त्याच दिवशी शेजाऱ्याचे दार ठोठवावे. आणि स्थळ पाहताना मूळ विचारू नये.

हे आम्ही विहारात बोललो, तेव्हा आक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नातीच्या टायमाला म्याबी इचारलं हुतं. आता धाकटीच्या टायमाला न्हाई इचारनार."

भवतु सब्ब मंगलम्! जयभीम!