चित्र पाहून जीव हलतो तेव्हा

सिनेमा पाहताना रडू येते. पुष्कळांना येते. खेळ संपून दिवे लागले की बापे लोक मान खाली घालून डोळे पुसतात. वर म्हणतात, डोळ्यांत कचरा गेला! यात लाजण्यासारखे काही नाही. पण असे का होते, ते आपण पाहू या.

पडदा म्हणजे एक पांढरे कापड. त्यावर उजेड आणि सावली पडते. सिनेमाच्या फितीवरची 24 चित्रे एका सेकंदात सरकतात. त्यांतले एकही चित्र स्वतः हलत नाही. आपल्याला मात्र माणूस चालताना दिसतो. हे सगळे खोटे आहे, हे आपल्याला ठाऊक असते. तरी छाती धडधडतेच.

अंधारात वाटेवर दोरी पडलेली असते. ती दिसताच पाय झटकन मागे येतो. दोरी आहे, साप नाही, हे मागून कळते. डोळा शरीराला आधी खबर देतो. विचार मागून चालत येतो. सिनेमातही हेच घडते.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईत लागला. त्यात आवाज नव्हता. तारामतीचे काम करायला बाई मिळेना. ते काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले. ते आधी हॉटेलात स्वयंपाक करीत! पुढे 1991 साली ‘माहेरची साडी’ आला. तो पाहून गावोगावच्या बायाबापड्या पदर ओला करून बाहेर पडत. पडद्यावरच्या सुनेचा छळ खोटा होता. पण पाहणारीच्या मनात साठलेले दुःख खरे होते. चार आसवे गळली की जीव हलका होतो. ती अडवू नयेत, असे आम्हाला वाटते.

रागाचे मात्र जपून असावे. निळू फुले सिनेमात दुष्ट पाटील, लबाड पुढारी होत. बायका त्यांच्या नावाने बोटे मोडीत. हाच माणूस तरुणपणी पुण्यात माळीकाम करीत होता. सेवादलात होता. अंधश्रद्धा घालवण्याच्या चळवळीतही तो होता. पडद्यावरच्या पाटलाचा राग त्या भल्या माणसावर निघे.

भीतीवर एक सोपा उपाय आहे. टीव्हीचा आवाज बंद करा आणि तेच चित्र पुन्हा पाहा. निम्मी भीती पळते, कारण ती वाद्यांनी घातलेली असते. लहान मूल भ्याले तर त्याला हसू नका. जवळ घ्या. ते रक्त नाही, तांबडा रंग आहे, असे सांगा. निजायच्या वेळी तर असले काही दाखवूच नये.

आता मोबाईलचे पाहू. सिनेमाच्या आरंभी पाटी असते. काम करणाऱ्यांची नावे असतात. मोबाईलवर येणाऱ्या तुकड्याला ना डोके ना शेपूट. तो कुठला, कधीचा, खरा की नटांनी केलेला, काही कळत नाही. जीव मात्र तितकाच हलतो.

2018 साली आपल्या देशात असा एक तुकडा फिरला. मोटारसायकलवरचे दोघे जण रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, असे त्यात दिसे. कोणत्या आईबापाचे काळीज हलणार नाही? खरे तर तो पाकिस्तानात कराचीत केलेला होता. मुलांना सांभाळा, असे लोकांना सांगण्यासाठी तो केला होता. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात. तो शेवटच कोणीतरी कापून टाकला होता.

त्याच दिवसांत धुळे जिल्ह्यातही मुले पळवणाऱ्यांच्या अफवा मोबाईलवरून पसरल्या होत्या. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यात राईनपाडा येथे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे 5 जण तेथे आले होते. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे. मुले पळवणारे म्हणून जमावाने त्यांना धरले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. त्यांचीही घरी बायकापोरे होती.

मारणाऱ्यांनाही लेकरांची काळजीच असेल. पण काळजी पोटात असते, आणि काठी हातात असते. मधे थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो.

म्हणून असे काही पाहून अंग तापले, तर आधी मोबाईल पालथा ठेवा. पाणी प्या. गुरांना वैरण टाकून या. मग दुसऱ्यांदा पाहा, आवाज बंद करून. माणसांचे कपडे, दुकानांवरच्या पाट्या, गाड्यांचे नंबर आपल्याकडचे आहेत का? आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा पाटी वाचा. ज्याने पाठवले त्याला विचारा, तू हे डोळ्यांनी पाहिलेस का? बहुतेक वेळा तो दुसऱ्याचे नाव सांगेल. तोवर ते पुढे कोणाला पाठवू नका. गावात अनोळखी माणूस दिसला आणि शंका आली, तर पोलीस पाटलांना बोलवा, नाहीतर 112 नंबर फिरवा. पोलीस येईपर्यंत त्या माणसाला बसायला जागा द्या, प्यायला पाणी द्या.