लांकूड उचलण्याची विद्या



लांकूडतोड्याचें चित्र काढावयास सांगितलें, तर शाळेंतील कोणताही मुलगा त्याच्या हातीं कुऱ्हाड देईल. कुऱ्हाडीच्या गोष्टी आहेत, म्हणी आहेत. गोताचा काळ म्हणून तिच्या दांड्याची अपकीर्तिही झालेली आहे. परंतु तोडलेलें लांकूड तेथून हाललें कसें, हा प्रश्न चित्र काढणाऱ्याला पडत नाहीं आणि गोष्ट सांगणाऱ्यालाही पडत नाहीं. आज मी बोलणार आहें तें या हालविण्याविषयीं व त्यासाठीं माणसानें केलेल्या हत्यारांविषयीं.

माझ्या लहानपणीं, मृग लागण्यापूर्वीं, वखारींतून वर्षाचें जळण घरीं येई. अंगणांत ओंडके पडत, फोडणारा येई आणि आम्ही मुलें त्याच्या कुऱ्हाडीकडे डोळे लावून बसत असूं. त्या लांकडाचा प्रवास मात्र मोजावा असें तेव्हां कोणाच्या मनांत आलें नाहीं. रानांत तें गोळा करून रचलें जाई. ढिगांतून गाडींत, गाडींतून वखारींत, वखारींत तराजूवर, तराजूवरून हातगाडींत, हातगाडींतून अंगणांत, फोडल्यावर पडवींत, आणि पडवींतून चुलीपाशीं अथवा बंबापाशीं. तोडणें एकदां, फोडणें एकदां, आणि उचलणें आठ वेळां! असें असून हत्यारांचा सगळा मान घाव घालणाऱ्यांना मिळाला. उचलण्याचें काम आपण मुकाट्यानें पाठीच्या कण्यावर सोंपवून मोकळे झालों.

हें ओझें किती असतें, तें पाहा. दोन मीटर लांब आणि तीस सेंटिमीटर व्यासाचा ओला ओंडका पाण्याइतकाच जड धरला, तर त्याचें वजन सुमारें १४० किलो भरतें. तो उचलूं म्हणणाऱ्याला सगळाच्या सगळा भार अंगावर घ्यावा लागतो. तोच लोळविला, तर भार जमीन सोसते आणि माणसाला केवळ मातींतला खळगा व लांकडाचा वांकडेपणा यांवर मात करावयाची असते. म्हणून वखारींतला अनुभवी गडी ओंडक्याला मिठी मारीत नाहीं. तो पहार घालतो, खालीं दगडाचा टेकू देतो आणि तरफेनें काम घेतो. पण पहारीला एक उणीव आहे. ती ढकलते, धरीत नाहीं. ओंडका अर्धा वळला कीं निसटून पूर्वस्थळीं येतो.

ही उणीव अमेरिकेंतील लांकूडवाल्यांनीं आकड्यानें भरून काढली. चार-पांच फूट लांबीचा जाड दांडा, आणि त्याच्या खालच्या भागावर खिळविलेला एक वांकडा आकडा. याला तिकडे कॅन्ट हुक म्हणतात. दांडा ओंडक्याला टेकवावयाचा, आकड्याचें टोंक पलीकडच्या अंगाला रुतवावयाचें आणि दांडा आपल्याकडे ओढावयाचा. गंमत अशी, कीं ओंडका जितका अडून बसेल तितका आकडा अधिक खोल रुततो.

मेन प्रांतांतील स्टिलवॉटर या गांवीं जोसेफ पीव्ही नांवाचा लोहार होता. त्या काळीं ओंडके नदींत सोडून प्रवाहाबरोबर कारखान्यांकडे नेत, आणि ते अडकून बसले म्हणजे पाण्यांत उतरून सोडवावे लागत. जुन्या हत्याराचा आकडा सैल, चारी दिशांना लोंबकळणारा. ओल्या ओंडक्यावर उभें राहून तो नेमका रुतविणें म्हणजे जिवाशीं खेळ. पीव्हीनें पुलावरून ही तारांबळ पाहिली, अशी कथा सांगतात. १८५८ च्या सुमारास त्यानें आकडा लोखंडी पट्ट्यांत असा बसविला, कीं तो फक्त वरखालींच हलावा, आणि दांड्याच्या टोंकाला एक अणकुचीदार खिळा ठोकला. तेव्हांपासून तें हत्यार त्याच्याच आडनांवानें ओळखलें जातें. जळणाच्या कामाला मात्र मला खिळ्याविना असलेलेंच बरें वाटतें. खिळा कोरड्या जमिनींत उगाच रुतून बसतो. याच जातीच्या एका हत्याराला खालीं आडवा पाय जोडलेला असतो. त्यावर ओंडका जमिनीपासून वीतभर उचलला जातो, आणि करवतीचे दांत मातीनें बोथट होत नाहींत.

हें झालें ओंडक्याचें. फोडलेल्या तुकड्यांची गोष्ट निराळी, आणि माझ्या मतें अधिक महत्त्वाची आहे. बारा किलोचा तुकडा उचलण्यांत काय मोठेंसें, असें आपणांस वाटेल. परंतु जमिनीवरचा तुकडा घेण्यासाठीं आपण कमरेंतून वांकतों, आणि उठतांना तुकड्याबरोबर डोकें, हात व धड हेंही उचलतों. हा भाग शरीराच्या निम्म्याहून अधिक वजनाचा असतो. पन्नास किलो वजनाच्या बाईनें शंभर तुकडे असे वेंचले, तर लांकडाखेरीज स्वतःच्याच अंगाचा अडीच हजार किलोंहून अधिक भार तिनें उचलला. स्वीडनमधील अल्फ नाकेमसन या वैद्यानें १९६० नंतरच्या दशकांत मणक्यांमधील चकत्यांवरचा दाब प्रत्यक्ष मोजला. ताठ उभ्या माणसापेक्षां पुढें वांकलेल्याच्या चकत्यांवर तो पुष्कळच अधिक भरला.

यावर उपाय म्हणजे चोंच असलेला दांडा. जपानांत त्याला तोबिगुचि म्हणतात. ‘तोबि’ म्हणजे घार, आणि ‘गुचि’ म्हणजे तोंड. पूर्वीं एदो शहरांत आग लागली असतां ती पसरूं नये म्हणून शेजारचीं घरें पाडण्यासही हेंच हत्यार वापरीत. आल्प्स पर्वतांतील लांकूडतोड्यांजवळही अशीच चोंच असते. अमेरिकन लोक तिला पिकरून म्हणतात. उभ्यानें चोंच तुकड्याच्या कापलेल्या तोंडांत मारावी, तुकडा गुडघ्यापर्यंत ओढून घ्यावा आणि मग दुसऱ्या हातानें धरावा. कंबर वांकत नाहीं, बोटें दोन लांकडांमध्यें चेंगरत नाहींत, आणि ढिगाखालीं विंचू असेल तर त्याची गांठ प्रथम लोखंडाशीं पडते.

आपल्याकडे लोखंडी आकडी गोदींतल्या हमालाच्या हातीं होती, कोंकणांतल्या कोयत्याच्या टोंकालाही बांक असतो. पण जळणाच्या वाट्याला आली ती चुंबळ. चुंबळीनें भार टाळूवर नीट पसरतो, मोळी डुलत नाहीं, हें खरें. पण वजन गुंजभरही कमी होत नाहीं. शिवाय वीस-पंचवीस किलोची मोळी डोक्यावर चढवावयास दुसरें कोणी लागतें. वाटेंत ती टेकविली, तर पुन्हां चढविणार कोण? तामिळनाडूंत या अडचणीवर ‘सुमैतांगी’ बांधीत: दोन उभे दगड, त्यांवर डोक्याच्या उंचीची आडवी शिळा. ओझें तिच्यावर सरकवावें, दम घ्यावा, आणि एकटीनेंच परत डोक्यावर ओढून घ्यावें.

२०१६ सालीं उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर पुष्कळ खेड्यांतील घरांत गॅस गेला, तरी चूल विझलेली नाहीं. आणि शहरांतील कित्येकांनीं हौसेनें गांवाकडे घर बांधून तेथें पुन्हां बंब पेटविला आहे. अशांनीं ही चोंच गांवच्या लोहाराकडून करून घ्यावी. जुन्या कुदळीचें पातें त्याला पुरेल. भोंक कुदळीसारखेंच निमुळतें ठेवावें, म्हणजे दांडा वरून घालतां येतो आणि घावासरशी घट्ट होत जातो. दांडा तीन फुटांचा असावा. टोंक दांड्याकडे किंचित् झुकलेलें हवें. अगदीं सरळ ठेवल्यास तुकडा वाटेंतच गळतो, आणि फार वांकविल्यास रुतलेली चोंच सुटत नाहीं. चोंच सोडवितांना दांडा मागें ओढूं नये. तो वर उचलून पुढें हलकासा झटका द्यावा. दहा-बारा तुकड्यांनंतर हाताला तो आपोआप साधतो.